जपानी की तलवारबाजी? अर्धवट सुटलं तर हातात काय राहतं ते आधी बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या सुमारास पुरवण्यांमध्ये 'अभ्यासाव्यतिरिक्त काय शिकाल' अशा याद्या यायला लागतात, भाषा एका चौकटीत, खेळ दुसऱ्या चौकटीत, आणि मग आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. यंदा एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा सरळ पेपरलाच लिहून टाकावं. प्रश्न असा की विद्यार्थ्याकडे आठवड्यातल्या काही संध्याकाळी मोकळ्या आहेत, दोन्ही गोष्टींची हौस आहे, दोन्ही एकाच वेळेला आहेत, तर जपानी भाषा घ्यावी की तलवारबाजी, म्हणजे फेन्सिंग?

मी जपानी शिकवते. त्यामुळे विचारणाऱ्याला वाटतं की माझं उत्तर ठरलेलंच असणार. पण माझी मुलगी फेन्सिंग करते, सेबर (फेन्सिंगमधलं एक हत्यार) खेळते, आणि तिच्या प्रॅक्टिसला कडेच्या बाकावर बसून बसून मला त्या खेळाचं बऱ्यापैकी कळायला लागलंय. आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना मी 'फेन्सिंग घे' असंच सांगते. माझ्या धंद्याला हे परवडणारं नाही हे मला कळतं, पण का सांगते ते जरा नीट लिहिते.

सगळे एकच विचारतात, 'उपयोग कशाचा जास्त?' आणि उपयोग म्हटलं की जपानी जिंकणारच, कारण तिकडे नोकरी, सर्टिफिकेट, परदेश असे शब्द लगेच तयार असतात आणि फेन्सिंगच्या बाजूने कोणी फार तर 'फिटनेस' म्हणतं. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. विद्यार्थी म्हणून सुरू केलेल्या बहुतेक गोष्टी वर्ष-दीड वर्षात सुटतात. परीक्षा येते, कॉलेज बदलतं, मूड जातो, काहीही होतं. तर विचारायचं हे की ही गोष्ट वर्षभराने सुटली तर हातात काय राहील? आणि या दोन्हींतली कुठली मी पुढे पस्तिसाव्या वर्षी घरी बसून सुरू करू शकेन आणि कुठली नाही? एवढे दोन प्रश्न विचारले की चित्र एकदम पालटतं.

आधी जपानीचं घेते, कारण ते माझं घरचं मैदान.

मराठी माणसाला जपानीची सुरुवात फार सोपी जाते, इतकी की फसायला होतं. जपानीच्या हिरागाना लिपीत मूळ 46 अक्षरं, काताकाना लिपीत तीच 46 वेगळ्या वळणाने, आणि त्यांचा क्रम बघितला तर अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृत लिहायच्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेची मांडणी तिकडे नेली आणि त्यावरूनच हा क्रम बसला. 'प'च्या जागी 'ह' का असं हुशार मुलं विचारतात, तर 'ह'च्या त्या ओळीचा जुना उच्चार 'प'कारी होता असं भाषेचे अभ्यासक मानतात. मला स्वतःला ही गोष्ट इतकी आवडते की पहिल्या तासाला मी त्यातच वीस मिनिटं घालवते. पुढे वाक्यरचना. क्रियापद शेवटी, नामाच्या मागून प्रत्ययासारखे छोटे शब्द लागतात, 'ला', 'ने', 'चा' लावायची आपल्याला जन्मापासून सवय. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीतून जपानी समजावण्यापेक्षा मी सरळ मराठीतून समजावते, लगेच बसतं. 'चाक' आणि 'चूक'मधला जो च आहे तो तोंडात आधीच असल्यामुळे 'त्सु'साठी वेगळी जिभेची कसरत करावी लागत नाही. दीड-दोन महिन्यांत मुलगा स्वतःची ओळख करून देतो, वेळ सांगतो, घरचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवतात, सगळे खूश.

मग ते-फॉर्म येतो. क्रियापदाचं हे रूप आलं की वर्ग थोडा विरळ होतो. कारण इथे पहिल्यांदा नियम पाठ करून, ते विसरून, आपोआप तोंडात यायला पाहिजे असं काहीतरी समोर येतं. 'वा' आणि 'गा' या दोन पार्टिकलमधला, म्हणजे त्याच प्रत्ययासारख्या छोट्या शब्दांमधला, फरक तर वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही, आपली विभक्ती तिथे कामाला येत नाही. आणि त्यापाठोपाठ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं.

कांजीबद्दल लोकांना आकडा सांगितला की ते हसतात. जपान सरकारच्या रोजच्या वापरातल्या कांजींच्या यादीत 2010 पासून 2136 चिन्हं आहेत, त्यातली 1026 तिथली मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, म्हणजे ज्यांच्या घरात, रस्त्यावर, टीव्हीवर सगळीकडे जपानीच आहे त्यांनासुद्धा सहा वर्षं देतात! आणि एक चिन्ह म्हणजे एक उच्चार असं नाही. 'जगणं, जन्म' या अर्थाचं जे साधं पाच रेघांचं चिन्ह आहे ते कुठे 'सेई' होतं, कुठे 'शो', कुठे 'नामा', कुठे 'इकिरु'मधलं 'इ' तर कुठे 'उमारेरु'मधलं 'उ'. हे सगळं शिकता येतं, अशक्य अजिबात नाही, पण रोज लागतं. रोज म्हणजे रोज. आठवड्यातून दोनदा क्लासला येऊन बसलं की कांजी होत नाही, कांजी घरी होते, आणि चार आठवडे हात लावला नाही की गळक्या माठासारखं वरून ओतलेलं खालून गेलेलं असतं.

आता परीक्षेचं. जेएलपीटी, म्हणजे जपानी किती येतं ते तपासणारी परीक्षा, पाच पातळ्यांची आहे, एन-फाइव्ह सगळ्यात खालची, एन-वन सगळ्यात वरची. 2010 च्या आधी चारच पातळ्या होत्या आणि तेव्हा अंदाज छापलेला असायचा, तो मला अजूनही पालकांना दाखवायला उपयोगी पडतो: सगळ्यात खालच्या पातळीला साधारण 100 कांजी आणि 800 शब्द, त्यावरच्या पातळीला 300 कांजी आणि 1500 शब्द, आणि त्याच्या पुढची पायरी थेट 1000 कांजी आणि 6000 शब्द. बघा ही उडी! पहिल्या दोन पायऱ्या चढलेले कितीतरी लोक तिसऱ्या पायरीखाली वर्षानुवर्षं उभे राहायचे, म्हणून तर 2010 मध्ये मधे एन-थ्री घातली. शिवाय या परीक्षेत बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं. सगळं पर्याय निवडायचं, ऐकण्याचा भाग एकदाच वाजतो आणि पुढे जातो. त्यामुळे एन-फोर पास झालेला मुलगा समोरच्या जपानी माणसाशी दोन मिनिटं बोलू शकेलच असं काही नाही, आणि हे सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणजे वर्षभर जपानी करून सोडलं तर काय राहतं? काना (म्हणजे हिरागाना-काताकाना) राहते, थोडी ओळखीची वाक्यं राहतात, 'मला जपानी येत होतं' असं सांगायची सोय राहते. एन-फाइव्हचं सर्टिफिकेट फाइलमध्ये राहतं आणि त्याला कोणी विचारत नाही. जपानी येणारी माणसं लागणारी ऑफिसं साधारण एन-टूपासून बोलायला लागतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषा शिकवणाऱ्या संस्थेने इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी जपानीला सगळ्यात अवघड गटात टाकलंय आणि जवळपास 2200 तासांचा वर्ग धरलाय, तोही पूर्णवेळ शिकणाऱ्या मुत्सद्द्यांसाठी. मराठी माणसाला व्याकरणात सूट मिळेल हे मान्य, पण कांजीत काहीच सूट नाही. मग आठवड्याला चार तास येणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच गणित करावं.

माझं म्हणणं असं आहे की जपानी ही अर्धवट करायची गोष्ट नाही. तिचं फळ उशिरा लागतं, जवळपास सगळं शेवटच्या टप्प्यात लागतं. ज्याला ते माहिती आहे आणि तरी करायचंय त्याने जरूर करावं, अशा मुलांना शिकवण्यासारखं सुख नाही.

फेन्सिंगचं अगदी उलट आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पहिल्या दिवशी हातात तलवार देतात आणि मुलं एकमेकांवर धावून जातात. तसं काही नसतं. सुरुवातीचे कितीतरी दिवस फक्त पाय. ऑन गार्ड म्हणजे पवित्रा, पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल, लंज म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेप, परत पवित्रा. मांड्या भरून येतात, मुलं कंटाळतात, कोच मात्र तिसऱ्यांदा तेच करून घेतो. मग कधीतरी मास्क चढतो आणि समोर दुसरा मुलगा उभा राहतो, आणि त्या क्षणी कळतं की पाय कशासाठी होते. अंतर! सगळा खेळ अंतराचा आहे, समोरच्याच्या टोकाच्या एक बोटभर बाहेर राहायचं आणि त्याने चूक केली की आत घुसायचं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पालक 'तलवार म्हणजे तलवार' असं धरून चालतात. हत्यारं तीन. फॉइल हलकं, टोकाने टोचलं तरच पॉइंट, आणि तेही फक्त धडावर. इपी जड, 770 ग्रॅमपर्यंत, टोकानेच पण डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठेही लागलं तरी चालतं. सेबर कमरेच्या वर, आणि टोकच नाही तर पात्याच्या धारेचा वारसुद्धा मोजतात. इपीत दोघांचं एकाच क्षणी लागलं तर दोघांनाही पॉइंट, आणि 'एकाच क्षणी' म्हणजे सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात, ते मशीन ठरवतं. फॉइल आणि सेबरमध्ये मात्र दोन्ही दिवे लागले तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता हे रेफ्री ठरवतो. आधी कोणी हल्ला सुरू केला, समोरच्याने तो अडवला का, अडवून लगेच उलटा वार केला का, हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात झालेलं असतं आणि रेफ्री हाताच्या खुणांनी ते परत सांगतो. बाकावरून बघताना मला पहिलं वर्षभर एकही निर्णय कळला नाही, सेबर तर अजूनही निम्मं हुकतं. पट्टी 14 मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद, तिला पिस्ट म्हणतात, बाजूला पळायला जागाच नाही, जे काय व्हायचं ते समोरासमोर.

आणि यात वर्षभराने काय राहतं? माझ्या निरीक्षणात तरी बरंच काही. स्पर्धेत सुरुवातीला पूल असतो, म्हणजे एका गटातले सगळे सगळ्यांशी खेळतात, तीन मिनिटं किंवा 5 पॉइंट, त्यामुळे एक मॅच हरलं की चाललो घरी असं होत नाही. नवीन मूल पहिल्या पूलमध्ये सगळ्या मॅच हरतं, प्रत्येक मॅचनंतर मास्क काढून समोरच्याला सलाम करतं, हात मिळवतं, आणि दहा मिनिटांत पुढच्याशी उभं राहतं. हरणं इतकं जवळजवळ आणि इतक्या लहान-लहान तुकड्यांत येतं की त्याची भीतीच जाते. शाळेच्या परीक्षेत अपयश वर्षातून एकदा येतं आणि डोंगराएवढं असतं. इथे अपयश म्हणजे समोरचा दिवा पेटला, बझर वाजला, परत पवित्र्यात या. पुढे बाद फेरी 15 पॉइंटची असते, फॉइल-इपीत तीन मिनिटांचे तीन डाव, मधे मिनिटभर विश्रांती, आणि त्या मिनिटात कोच जे दोन शब्द सांगतो तेवढ्यावर पूर्ण डाव बदलायचा असतो. 9-13 वरून जिंकलेली मुलं मी बघितलीत, आणि 13-9 वरून हरलेलीसुद्धा, माझ्याच घरात.

हे शिकायला दहा वर्षं लागत नाहीत. वर्षभर केलं तरी ते पूर्ण असतं, पुढचं नाही केलं म्हणून आधीचं वाया जात नाही. तोल, पायांतला चपळपणा, समोरचा काय करणार याचा अंदाज घ्यायची सवय, आणि निर्णय घेऊन टाकायची सवय (चुकला तर चुकला!), हे सहा महिन्यांतसुद्धा दिसायला लागतं. कांजीच्या बाबतीत सहा महिन्यांत दिसते ती फक्त पुढच्या डोंगराची उंची.

दुसरा प्रश्न, नंतर करता येईल का. भाषा रात्री अकरा वाजता फोनवर, एकट्याने, कुठेही करता येते. ऑनलाइन वर्ग आहेत, कार्डं आहेत, पस्तिशीत सुरू करून एन-टूपर्यंत गेलेले विद्यार्थी माझ्याकडे आहेत आणि ते कॉलेजच्या मुलांपेक्षा जास्त नेटाने करतात. फेन्सिंग एकट्याने होतच नाही. हॉल लागतो, कोच लागतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याएवढाच नवखा जोडीदार लागतो. विद्यार्थी असताना हे सगळं आयतं जुळलेलं असतं. नोकरी लागल्यावर हॉल मिळेल पण मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला हजर राहणारा जोडीदार कुठून आणणार? कोणी म्हणेल की मोठ्या वयातही लोक खेळतात. खेळतात की, पन्नाशीच्या पुढच्यांची जागतिक अजिंक्यपदं होतात, सत्तरीच्या पुढचाही गट असतो. पण तिथे पहिल्यांदा मास्क घालणारे फारच थोडे असणार.

आता पालकांची भीती. 'लागेल ना?' हा प्रश्न दर वेळी येतो, तर त्याचंही सांगते. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं आत गेलं आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. आज मास्क, जॅकेट आणि पात्याचं पोलाद यांचे जे कडक नियम आहेत ते बरेचसे त्या घटनेतून आले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं जॅकेट 800 न्यूटनचा जोर सोसणारं असतं, मास्कखालची गळ्यावरची झालर 1600 न्यूटनचा. त्यानंतर हा खेळ किती बदलला ते एखाद्या क्लबमध्ये जाऊन नुसतं बघितलं तरी कळेल, मास्क न घालता कोणी नुसतं पातं वर केलं तरी कोच ओरडतो. प्रत्यक्षात दुखतं ते घोटा, गुडघा, मांडीचा स्नायू, म्हणजे कुठल्याही पळापळीच्या खेळात दुखतं तेच. आणि दंडावर निळे डाग पडतात, ते मुलं अभिमानाने दाखवत फिरतात.

आणखी एक समज मला खोडायचाय. 'आमचा मुलगा लाजाळू आहे, त्याला भाषा बरी, खेळ धीट मुलांचा.' मला अनुभव उलटा आहे. भाषेच्या वर्गात लाजाळू मुलाची कसोटी लागते, सगळ्यांसमोर उठून चुकीचं बोलावं लागतं, दुकानदार-गिऱ्हाईक असा संवाद करावा लागतो, आणि चूक सगळ्यांना ऐकू जाते. फेन्सिंगमध्ये चेहरा जाळीच्या मागे असतो. कोणी बघत नाही, बोलावं लागत नाही, आणि कित्येक गप्प मुलं मास्क चढल्यावर अशी काही ओरडतात की आईवडील दचकतात. उलट बडबडी मुलं जपानीत भराभर पुढे जातात, कारण चूक झाली तरी ती बोलत राहतात. तेव्हा स्वभाव बघून ठरवा पण सरळसोट हिशोब लावू नका.

एक गंमत सांगते. जपानी आणि फेन्सिंग हे लोकांना दोन टोकांचे वाटतात, एक पूर्वेचं आणि एक युरोपातलं. फेन्सिंगच्या आज्ञा अजून फ्रेंचमध्येच देतात आणि 1896 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे. पण गेल्या काही वर्षांत जपान या खेळात कुठल्या कुठे पोचलाय. 2008 ला बीजिंगमध्ये युकी ओता याने फॉइलमध्ये रौप्य घेतलं, ते जपानचं फेन्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला पुरुषांच्या इपी संघाने सुवर्ण आणलं. 2024 ला पॅरिसमध्ये कोकी कानो याने इपीत वैयक्तिक सुवर्ण घेतलं आणि पुरुषांच्या फॉइल संघानेही सुवर्ण घेतलं. ज्या देशात केंडो ही स्वतःची तलवारबाजी घरची आहे त्याने परक्या खेळात, परदेशी कोच आणून, हे केलं. माझ्या वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलांना जपानबद्दल जे कळतं ते अॅनिमेच्या चार सीझनमधून कळत नाही.

आणि आपली भवानी देवी. शाळेत बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या म्हणून तिच्या वाट्याला फेन्सिंग आलं, आणि सुरुवातीला सराव बांबूच्या काठ्यांनी, असं तिने मुलाखतींत सांगितलंय. टोकियोला ती फेन्सिंगमध्ये ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय झाली, पहिली मॅच 15-3 जिंकली, दुसरी फ्रान्सच्या मॅनॉन ब्रुनेकडून 7-15 हरली. 2023 ला चीनमधल्या वूशीच्या आशियाई स्पर्धेत तिने उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या मिसाकी एमुराला हरवलं, जी तेव्हा सेबरची जगज्जेती होती, आणि कांस्य घेतलं. माझी मुलगी त्या मॅचचा व्हिडिओ इतक्यांदा बघते की मलाही तोंडपाठ झालाय. उरलेल्या जागेतून सुरू झालेली गोष्ट आहे ही. सांगायचं इतकंच की निवड करताना सगळी माहिती, पुढची पंधरा वर्षं, करिअर वगैरे सगळं समोर पाहिजेच असं काही नाही.

आता जपानीच घ्यावं असं मी कोणाला सांगते? ज्याचं कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून येतं त्याला. तिथे जाऊन शिकायचंय, काम करायचंय, भाषांतर करायचंय, किंवा नुसतं मूळ भाषेत वाचायचंय, कुठलंही कारण चालेल, फक्त ते त्याचं पाहिजे. 2019 पासून जपानने ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केलाय आणि त्याला एन-फोर किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा लागते, तर ज्याला तोच रस्ता घ्यायचाय त्याच्यासाठी हे उत्तर सरळ आहे, त्याने फेन्सिंगचा विचारच करू नये, रोज दीड तास बसावं. पण 'बाबा म्हणतात स्कोप आहे' हे कारण ते-फॉर्मपर्यंतसुद्धा टिकत नाही. हल्ली दुसरी बाजूही ऐकू येते, की फोन सगळं भाषांतर करून देतो मग शिकायचं कशाला. फोन मेनू वाचून देईल, पाटी वाचून देईल. मीटिंगमध्ये जपानी माणूस 'थोडं अवघड आहे' म्हणून वाक्य अर्धं सोडून देतो तेव्हा तो नाही म्हणतोय हे फोन सांगत नाही, केइगोमध्ये, म्हणजे आदरार्थी बोलण्यात, कोणी कोणाला किती मान दिला तेही सांगत नाही. त्या पातळीला पोचायचं असेल तर शिका. तिथपर्यंत जायचं नसेल तर फोन खरंच पुरेसा आहे, आणि हे मी जपानीची बाई असून म्हणतेय.

'दोन्ही करू का' असंही विचारतात. पहिल्या वर्षी नको. दोन्हींना सलगपणा लागतो, आणि फेन्सिंगवरून दमून आलेला मुलगा रात्री कांजी लिहीत नाही, झोपतो, आणि झोपायलाच पाहिजे. सुट्टीत मात्र एक करून बघण्यासारखं आहे. दोन-तीन आठवडे घरीच हिरागाना लिहून बघा, त्याला क्लास लागत नाही. संपल्यावर स्वतःहून काताकाना काढली तर ते मूल भाषेचं आहे. आणि त्याच सुट्टीत कुठल्याही क्लबमध्ये एकदा मास्क घालून बघा, बहुतेक ठिकाणी नवख्यांना क्लबचंच सामान वापरायला देतात. काहींना मास्कच्या आत कोंडल्यासारखं होतं, ते तिथल्या तिथे कळतं. डावखुऱ्या मुलांनी तर नक्कीच बघावं, समोरच्याला डावखुऱ्याची सवय नसते आणि हा फायदा फार वरच्या पातळीपर्यंत टिकतो. (जॅकेट मात्र डावखुऱ्याचं मागून घ्या, चेन उलट्या बाजूला असते.)

आपल्याकडे एक मागणी आहे, संपादकसाहेब. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक गोष्टीसमोर 'फायदे' असा रकाना असतोच, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना द्या: आठवड्याला घरी किती वेळ द्यावा लागतो आणि लोक साधारण कुठल्या टप्प्यावर सोडतात. क्लासवाले हे स्वतःहून सांगणार नाहीत, मीसुद्धा जाहिरातीत लिहिलेलं नाही, पण तुमच्या बातमीदाराने विचारलं तर सांगेन. जपानीसमोर लिहा: रोज अर्धा-पाऊण तास, सोडायची जागा ते-फॉर्म आणि नंतर एन-फोरच्या पुढे. फेन्सिंगसमोर लिहा: घरी जवळपास काहीच नाही पण आठवड्याला तीन संध्याकाळी चुकवायच्या नाहीत, सोडायची जागा पहिले दोन महिने, जेव्हा नुसते पायच चाललेले असतात. तेवढे दोन महिने काढले की मुलं सहसा टिकतात.

आणि ज्यांनी यंदा जपानी घ्यायचं नक्की केलंय त्यांच्या पालकांसाठी, जून-जुलैत क्लास लावून लगेच डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायची घाई करू नका. परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबर. पहिली एन-फाइव्ह पुढच्या जुलैला दिली तरी काही बिघडत नाही, तोवर मुलाला बोलू द्या.

आपली,
एक जपानी शिक्षिका आणि सेबरवालीची आई